ह्या सुपाऱ्या शैक्षणिक आहेत

मार्तंडरावांनी रसायनशास्त्र हातात घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात कुणीच त्यांना अडवलं नाही, ही पहिली चूक. निवृत्त माणसाला सारखं काहीतरी हातात घ्यावंसं वाटतं. ह्याआधी त्यांनी विहिरीचा पंप हातात घेतला होता आणि पुढे दोन महिने वाडीला पाणी मिळालं नव्हतं. म्हणून एरवी त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई वेळीच हटकायच्या. पण त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात डाळिंब्या सोलत होत्या, सून सोनल पुस्तक मिटून रडायच्या बेतात होती, आणि मार्तंडरावांना मैदान मोकळं मिळालं.

सोनलचं रडणं काही उगाच नव्हतं. तिचं बी.एस्सी. सेंद्रिय रसायनाच्या एका विषयावर चार वर्षं अडकलं होतं, आणि आता मोबाइलवर विद्यापीठाची सूचना आली होती की जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना ही शेवटची संधी. ह्यानंतर सगळं पहिल्यापासून. अलिबागला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघणार होती, त्या जागेसाठीही पदवी हवी होती. नवरा अनीश मुंबईत नोकरीला. शनिवारी मांडव्याच्या बोटीनं यायचा आणि ‘होईल गं’ एवढं म्हणून सोमवारी परत जायचा.

खरा काटा रुतला होता तो मार्तंडरावांना. पनवेलला लग्नाच्या बैठकीत पोहे खाता खाता सोनलच्या वडिलांना त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “पोरीचं शिक्षण लग्नानंतर पूर्ण होईल. माझा शब्द!” मग लग्न झालं, सणवार झाले, वाडीतली सुपारी उतरली, घरी चार आजारपणं झाली, आणि दरवेळी परीक्षेच्या मोसमात ह्या घराला सुनेची नेमकी गरज पडली. व्याही फार सभ्य माणूस. फोनवर ते कधी विचारत नसत, आणि ते विचारत नाहीत म्हणूनच मार्तंडरावांना व्याह्यांचा फोन घ्यायची लाज वाटत असे.

“तुला नक्की अडतं कुठं?” त्यांनी विचारलं.

“बाबा, पुस्तकात सगळं चपटं असतं,” सोनल म्हणाली. “रेणू खरा चपटा नसतो. तो डोक्यात फिरवून बघता आला पाहिजे. कार्बनला चार हात असतात, चारी चार दिशांना. मला ते दिसतच नाहीत. गोळे आणि काड्यांची पेटी मिळते, ती जोडून बघितलं की कळतं म्हणे.”

मार्तंडराव भूमी अभिलेख कार्यालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. साखळी ओढत सगळा तालुका पायाखाली घातलेला माणूस. चार हात म्हटल्याबरोबर त्यांचे डोळे चमकले.

“म्हणजे चतुःसीमा!” ते म्हणाले. “अगं, एवढंच ना? पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. तुझा कार्बन म्हणजे एक सर्व्हे नंबर.”

सोनलला हसू आलं. गेल्या आठ दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती, आणि त्या हसण्यानं सासऱ्यांना भलताच हुरूप आला. हा हुरूपच पुढे सगळ्यांना भोवला.

पेटी ऑनलाइन मागवायचं ठरलं. अनीश म्हणाला मी मागवतो, पण मार्तंडरावांनी पत्ता स्वतः भरला. नाव, घराचं नाव, मुक्काम नागाव, जिल्हा रायगड. तालुका लिहिला नाही. आता, जिल्ह्यात नागाव एकच नाही, उरणलाही आहे, हे ह्या माणसाला झोपेतसुद्धा माहीत होतं. पण नागाव म्हटलं की आमचंच, बाकीच्यांनी आपापला तालुका लिहावा, असं त्यांचं तत्त्व होतं. आठव्या दिवशी उरणहून एका बाईंचा फोन आला.

“तुमची गोट्यांची पेटी आमच्याकडं आलीय. पोरं खेळतायत. चालेल ना?”

“त्या गोट्या नाहीत! ते कार्बन आहेत!”

“काळे का? काळे सगळे विहिरीत गेले. लाल-पांढरे आहेत थोडे, ते पाठवू का?”

कार्बनशिवाय सेंद्रिय रसायन म्हणजे काय राहिलं, हे मार्तंडरावांनी त्या बाईंना समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग मार्तंडरावांनी कुरिअर कंपनीला तीन पानी अर्ज लिहिला, विषय, संदर्भ, ‘महोदय’ आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’सकट. उत्तर दोन मिनिटांत आलं. आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल? मार्तंडराव त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण ताक घेतलं नाही.

परीक्षा महिन्यावर आली. अशा वेळी शेजारी गप्प बसले तर ते शेजारी कसले! हरेश्वर अण्णांची वाडी कुंपणापलीकडे. रोज सकाळी दहाला ते ओटीवर येत, झोपाळ्यावर बसत आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत देत.

“बटाटे घे,” अण्णा म्हणाले. “बटाट्याला काडी टोचली की झालं. हाय काय आणि न्हाय काय.”

बटाट्यांचा रेणू तिसऱ्या दिवशी वास मारायला लागला आणि सरोजिनीबाईंनी तो वाडीत पुरला. मग मासळी घेऊन येणाऱ्या चंद्राबाईंनी पाटी उतरवून सल्ला दिला. “आमच्या जाल्याची बोयं घ्या की. पान्यात न्हाय कुजत, तुमच्या घरात काय कुजतील?” बोयं आली, जाळं तरंगतं ठेवणारे ते गोळे, पण प्रत्येक बोय नारळाएवढं. त्यातून साधं मिथेन केलं तरी दारातून आत येईना.

आणि मग माळ्यावरच्या सुपारीच्या पोत्याकडे बघून मार्तंडरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. सुपारी! गोल, टणक, रंगानं कार्बनला शोभेल अशी, घरची. काड्या माडाच्या हिराच्या. ऑक्सिजनला माळेतला बारका पांढरा कांदा. हायड्रोजनला भिजवलेले वाल, सुईनं भोक पडेल असे. सगळा रेणू अस्सल अलिबागचा! बाजारातल्या प्लॅस्टिकची त्यांना दयाच आली.

सुपारीला भोक पाडणं सोपं नाही. सुताराकडून आणलेलं गिरमिट मोडलं, दुसरं मोडलं, तिसऱ्याच्या वेळी सुतारानं ‘साहेब, आमचं पोट त्याच्यावर आहे’ म्हणून हात जोडले. शेवटी सुपाऱ्या दोन दिवस भिजत घातल्या. पण भोक कुठंही पाडून चालणार नव्हतं. दोन हातांमध्ये एकशे साडेनऊ अंशांचा कोन, असं पुस्तकात होतं. त्या साडेनं मार्तंडराव सुखावले. चाळीस वर्षांत त्यांना अर्ध्या अंशाची कदर करणारं कुणी भेटलं नव्हतं. ते कोनमापक घेऊन ओटीवर बसत, एक डोळा मिटत, आणि पाच मिनिटांत एक भोक पाडत. त्या पाच मिनिटांत घरात मिक्सर लावायचा नाही, असा हुकूम होता.

पण एक गोष्ट मानली पाहिजे, उपयोग होत होता. एक दिवस सोनल दोन रेणू घेऊन बसली. दोन्हींच्या मधल्या कार्बनला शेजारी तेच चार, तरी म्हणे दोन्ही वेगळे. तिला काही केल्या पटेना.

“अगं, शेजारी तेच, पण क्रम उलटा,” मार्तंडराव म्हणाले. “समज, आपल्या पूर्वेला अण्णा आणि पश्चिमेला रस्ता. त्याच्याऐवजी पश्चिमेला अण्णा आणि पूर्वेला रस्ता केला, तर वाडी तीच राहील का? कोर्टात उभं करतील.”

सोनल ते दोन रेणू हातात घेऊन फिरवत राहिली. एकावर एक ठेवून बघितले, बसेनात. “बाबा!” ती ओरडली. “दिसलं!” मार्तंडराव उठून आत गेले आणि पाणी प्यायले. त्यांना एवढा आनंद प्रमोशनच्या वेळीही झाला नव्हता.

आता खरं संकट. रेणू तयार झाले की ते ओटीवर तबकात मांडून ठेवत. आणि आपल्याकडे ओटीवर तबकात सुपारी ठेवलेली असली की ती कुणासाठी असते, हे काय सांगायला हवं? पहिल्या दिवशी सहा सुपाऱ्यांचं हेक्झेन मांडलं होतं. अण्णा आले, झोपाळ्यावर बसले, बोलता बोलता खिशातला अडकित्ता काढला, टोकाची सुपारी वालांसकट उपटली आणि कातरली.

“भिजवलीस वाटतं?” ते म्हणाले. “मऊ लागते. चांगलं केलंस, माझ्या दातांना आता कोरडी सोसत नाही. पण हे वाल कशाला टोचलेस रे?”

मार्तंडरावांचा हात पुढे झाला आणि तबकाशीच थांबला. दारी आलेल्या माणसाच्या हातातली सुपारी काढून घ्यायची? त्यांच्या सात पिढ्यांत हे झालं नव्हतं. सोनल बाहेर आली, तिनं तबकात बघितलं आणि म्हणाली, “बाबा, हे पेंटेन झालं.”

दुसऱ्या दिवशी लाइटचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसानं मधली एक खाल्ली आणि रेणूचे दोन तुकडे झाले. चंद्राबाईंनी एक तोंडात टाकली, दोन कनवटीला लावल्या आणि कांदा भाजीला नेला. त्यात तिसऱ्या दिवशी उरलेल्या हायड्रोजनला मोड आले. ते फुकट कसे घालवायचे? सरोजिनीबाईंनी त्यांचं बिरडं केलं. पुढे घरात एक दिवसाआड बिरडं होऊ लागलं. शनिवारी अनीश आला आणि त्यानं हवापालट म्हणून काहीतरी दुसरं मागितलं, तर आईनं त्याला सांगितलं, “बायकोला पास व्हायचंय ना? गप जेव.”

कार्बन घटत चालले, परीक्षा पंधरा दिवसांवर आली. मार्तंडरावांचा धीर सुटला. त्यांनी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना लिहिली, “ह्या सुपाऱ्या शैक्षणिक आहेत. खाऊ नयेत. हुकुमावरून,” आणि खाली सवयीनं सही ठोकली.

झालं! दहा वाजता अण्णा आले. चष्मा वर करून त्यांनी सूचना वाचली. परत वाचली. “अस्सं!” एवढंच म्हणाले आणि झोपाळ्यावर न बसता परत फिरले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मार्तंडरावांच्या ओटीवर आता सुपारीला पाटी लागते. चंद्राबाई डोक्यावरची मासळीची पाटी न उतरवताच बाहेरून विचारू लागल्या, “बसायची पन परवानगी लागते का वो भाऊ?” देवळात एकानं मुद्दाम त्यांच्यापुढे पानाचं ताट धरलं आणि म्हणाला, “घ्या काका, आमची अशिक्षित आहे.” मार्तंडरावांनी ती सुपारी घेतली आणि न खाता खिशात टाकली. गेली चाळीस वर्षं ज्या माणसाकडे गावानं बांधाचे तंटे नेले, तो माणूस तीन दिवस मागच्या दारानं वाडीत जात होता.

तोडगा काढला सोनलनं. “बाबा, पाटी काढा,” ती म्हणाली. “खाऊ द्या त्यांना. मला फक्त एवढं सांगा, कुणी कुठली खाल्ली. मी न बघता सांगते, काय उरलं.”

नोंद ठेवायची म्हटल्यावर मार्तंडरावांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्यांनी वही आखली. “सकाळी १०.२०. हरेश्वर. उत्तरेकडील टोक.” “११.०५. चंद्राबाई. मधल्यापैकी दुसरी, दक्षिणेकडून.” ते स्वतः कुंपणापाशी जाऊन अण्णांना हाताला धरून घेऊन आले. अण्णा थोडे आढेवेढे घेऊन बसले, आणि मग रुसव्याची भरपाई म्हणून दोन खाऊ लागले. संध्याकाळी मार्तंडराव वही वाचत आणि सोनल डोळे मिटून ऐके. सहा सुपाऱ्यांचं वलय होतं, अण्णांनी एक खाल्ली, तर वलय फुटलं, पाचांची साखळी उरली. मोकळ्या झालेल्या हातांना एकेक वाल लावा, पेंटेन. सहांच्या साखळीतली तिसरी गेली, तर एक दोनाची आणि एक तिनाची. ती कागदावर रेणू काढी, नाव लिही आणि मगच तबक बघे. पहिले काही दिवस चुकायची. एकदा फारच अडली, तर स्वयंपाकघरातून नारळ खवता खवता सरोजिनीबाई म्हणाल्या, “ब्यूटेन असेल. चार राहिले ना?” बरोबर होतं. मार्तंडराव म्हणाले, लागला नेम एखादेवेळी.

आठवडाभरात सोनलला सगळा रेणू डोक्यात फिरवता येऊ लागला. लेखी पेपर बरा गेला. राहिली तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. तिला स्वतः केलेलं मॉडेल घेऊन जायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे समजावून सांगायचं. त्यात नापास म्हणजे सगळ्यातच नापास.

त्या दिवशी मार्तंडरावांनी हेक्झेनचा रेणू रोवळीत ठेवला, वर पांढरा पंचा झाकला आणि सोनलला स्कूटरवर मागे बसवून निघाले. वाटेत पेट्रोल पंपावर एका बाईनं रोवळीला नमस्कार केला आणि कुठल्या देवीचा नैवेद्य म्हणून विचारलं. सोनल म्हणाली, “सेंद्रिय.” बाईंनी पुन्हा नमस्कार केला.

कॉलेजच्या फाटकावर जीवन नावाचा शिपाई होता. अतिशय नम्र मुलगा. त्यानं पंचा उचलला, बघितलं, आणि मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘तंबाखूमुक्त परिसर. तंबाखू, गुटखा, पानमसाला व सुपारी आणण्यास सक्त मनाई.’

“काका, हे आत नाय जायचं.”

“अरे, हा परीक्षेचा अभ्यास आहे! हे हेक्झेन आहे!”

“असंल. पण हाय तर सुपारीच ना?”

“ही खायची नाही!”

जीवननं एक सुपारी नीट निरखली. तिच्यावर अडकित्त्याचा कट होता. काल संध्याकाळी अण्णांनी कातरायला घेतली आणि मऊ नाही म्हणून परत ठेवली होती. “खाल्लेली दिसतेय काका,” तो ओशाळून म्हणाला.

मार्तंडरावांनी शासकीय सेवेतला आपला हुद्दा सांगितला. परिपत्रकाची तारीख विचारली. सुपारी ही कच्च्या स्वरूपात असताना आणि भोक पाडल्यानंतर वेगळ्या वर्गात मोडते, असा मुद्दा काढला. मागे मुलांची रांग लागली आणि मोबाइल वर झाले. घड्याळात पाच मिनिटं उरली होती.

“बाबा, राहू द्या. मी जाते,” सोनल म्हणाली.

“रिकाम्या हातानं?”

ती गेलीसुद्धा. मार्तंडराव फाटकात रोवळी धरून उभे राहिले. जीवननं त्यांच्यापुढे रजिस्टर सरकवलं. नाव, वय, जप्त पदार्थ, सही. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या मार्तंडरावांनी तंबाखूच्या रजिस्टरात नाव लिहिलं, वय चौसष्ट लिहिलं, आणि जप्त पदार्थाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, हेक्झेन.

“सुपारी लिवा काका.”

“हेक्झेन!” मार्तंडराव म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. तो शिपायावरच्या रागानं नव्हे. चार वर्षं ही पोर ह्या घरासाठी थांबली आणि शेवटच्या दिवशी आपण तिच्या हातात देऊन देऊन काय दिलं, तर जप्तीचा माल, हे त्यांच्या मनातून जाईना. जीवननं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हेक्झेनपुढे कंसात ‘सुपारी, सहा नग’ असं स्वतः लिहिलं.

सव्वा तासानं सोनल बाहेर आली. मार्तंडराव उठले.

“मॅडमनी विचारलं, मॉडेल कुठाय,” ती म्हणाली. “म्हटलं, फाटकावर पकडलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, मग तोंडी सांग. एकेक रेणूचं नाव घेतलं, ह्याचा हा कार्बन काढला तर, तो काढला तर. बाबा, मला एकदासुद्धा अडलं नाही. त्या म्हणाल्या, एवढा सराव केलास कसा? मी म्हटलं, गावानं करून घेतला.”

मार्तंडरावांनी स्कूटरला चार किका मारल्या. पाचव्या किकेला त्यांच्या लक्षात आलं की चावी लावलेलीच नाही.

जूनमध्ये निकाल लागला. सोनल पास! मार्तंडरावांनी पहिला फोन पनवेलला केला आणि चार वर्षांत प्रथमच व्याह्यांशी मोकळ्या आवाजात पाऊण तास बोलले. मग अण्णांना बोलावून पेढे दिले, आणि झोपाळ्यावर बसून त्यांना भाषण ऐकवायला सुरुवात केली.

“शब्द म्हणजे शब्द, अण्णा. आमच्या घरात सुनेच्या माहेरी दिलेला शब्द खाली पडत नाही. आमच्या वडिलांपासूनची रीत आहे.”

सरोजिनीबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “त्यांनी माझ्या बाबांनाही दिला होता.”

“काय?”

“शब्द. ह्याच ओटीवर. मुलीचं कॉलेज लग्नानंतर पूर्ण करू म्हणून. एस.वाय.चा फॉर्म भरून झाला होता माझा. तुम्ही इथंच बसला होतात, मान हलवत.”

आवाजात राग नव्हता. गॅस संपत आलाय असं सांगावं, इतकं साधं त्या म्हणाल्या. अण्णांनी उरलेला पेढा घाईनं तोंडात टाकला, वाडीत पाणी सोडायचं राहिलं म्हणाले आणि चहा तसाच टाकून निघून गेले.

मार्तंडरावांना ‘विसरलो’ म्हणावंसं वाटलं, पण ते खरं नव्हतं. त्यांना ती मान हलवलेली चांगली आठवत होती. कानापर्यंत लाज चढली. सून समोर उभी, हातात निकालाचा कागद. त्यांनी विचारलं, “किती वर्षं झाली?”

“एकोणचाळीस.”

“आणि… विषय काय होता तुझा?”

“भूगोल,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

सगळा जन्म ज्यानं नकाशे काढले, ते घरी आणून हिच्यासमोर चटईवर पसरले, हिला त्याच्या कोपऱ्यांवर वाट्या ठेवायला सांगितल्या, त्या माणसाला हे आज कळत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते उठून उभे राहिले.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “फॉर्म कुठं मिळतो ते मी उद्याच अलिबागला जाऊन बघतो. पुस्तकं आणतो. पृथ्वीचा एक मोठा गोल घरीच करता येईल, म्हणजे तुला—”

“फॉर्म मागच्या आठवड्यात भरला,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “सोनलनं मोबाइलवरून भरून दिला. पुस्तकंही आलीत. तुम्ही ह्यात काहीही हातात घेऊ नका, एवढंच सांगायला बाहेर आले होते.”